रत्नाचा आठवडा

१

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता आमची भिशी असते. मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी, तिसऱ्या मजल्यावर शर्मिष्ठाचं घर, आणि आम्ही सात जणी. आता सहा. चहा, काहीतरी तळलेलं, बिल्डिंगमधल्या कुणाकुणाची निंदानालस्ती आणि शेवटी स्टीलच्या वाटीतली चिठ्ठी, असा क्रम ठरलेला.

पण आमच्याकडे आणखी एक वाटी आहे. ती वर्षातून एकदाच निघते, जानेवारीत. त्याचं असं झालं की नऊ वर्षांपूर्वी आम्ही साती जणी अंधेरीच्या एका हॉटेलात फुकटचं जेवण आहे म्हणून गेलो होतो. जेवणाआधी टाय लावलेल्या एका गृहस्थाने दोन तास पडद्यावर डोंगर, धुकं आणि शेकोट्या दाखवल्या. दर वर्षी एक आठवडा थंड हवेच्या ठिकाणी, पंचवीस वर्षं, तुमच्या मालकीचा. एकटीदुकटीला ते झेपणारं नव्हतंच. आम्ही पर्सा उचलल्या, तेवढ्यात रत्ना म्हणाली, "सात जणींनी मिळून घेवया की गो. भिशीसारखी चिठ्ठी काढूया." त्या गृहस्थाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सही शर्मिष्ठाची झाली आणि आठवडा सात जणींचा झाला.

जिची चिठ्ठी निघेल, तो त्या वर्षीचा आठवडा तिचा. एकदा निघाली की तिची चिठ्ठी वाटीतून बाद, सगळ्यांची पाळी होईपर्यंत. करोनाची दोन वर्षं फुकट गेली. बाकी नियम कुणी मोडला नाही. मोडला तो एकदाच, आणि तो मी मोडला.

या जानेवारीत वाटीत एकच चिठ्ठी उरली होती. रत्नाची. आणि रत्ना गेल्या भाद्रपदात गेली होती.

कुणीतरी ती चिठ्ठी आधीच काढून टाकायला हवी होती. पण प्रत्येकीला वाटलं, मी कशाला हात लावू? शर्मिष्ठाने नेहमीसारखे डोळे मिटले, वाटीत हात घातला, ती एकुलती एक चिठ्ठी काढली आणि उघडून वाचली, "रत्नप्रभा परब." आम्ही सगळ्या रडलो. मग ठरलं, की आठवडा तिचाच. तिच्याच नावाने बुक करायचा, कुणी जायचं नाही. पानात घास काढून ठेवतात, तसं काहीसं आमच्या मनात होतं. कंपनीच्या वेबसाइटवर शर्मिष्ठाने पाहुण्याचं नाव लिहिलं. संपर्कासाठी नंबर मागितला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिला.

"ठिकाण कुठलं टाकू?" शर्मिष्ठाने विचारलं.

"राहू दे गं कोरं," मीच म्हटलं. "जाणार कोण आहे?"

२

मी जयंती. तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते, त्यातली वीस तक्रार विभागात. लोक फोन करून सांगायचे, बाई, आमच्या फोनवर रात्री कुणीतरी रडतं. मी लाइनमनला पाठवायची. कुठेतरी तार सुटलेली असायची, नाहीतर जोडणीच्या डबीत पाणी शिरलेलं असायचं. वीस वर्षांत एकही रडणारं माणूस सापडलं नाही. हे सांगायचं कारण, मी सहजासहजी घाबरणारी बाई नाही.

रत्ना माझ्या समोरच्या दारात राहायची. मालवणकडची. तिचे यजमान चंद्रप्रकाश भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही तो आठवडा विकत घेतला, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून आठ वर्षं रत्नाने त्यांना दिवसातून तीन वेळा भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. जुनी धोतरं फाडून चौकोनी फडकी करायची, धुवायची आणि ओळीने वाळत घालायची. क्वचित कधी माझ्या दारात येऊन म्हणायची, "बसशील गो जरा ह्यांच्याकडे? आत्ता इलंय मी." आत्ता आले म्हणायची, तिला फार तर बाजारात जायचं असायचं, अर्धा तास. मी कधी बसायची. बऱ्याचदा म्हणायची, आज नको गं, आज पाहुणे येतायत.

तिला थंडी बघायची होती. कोकणात जन्मली, मुंबईत आयुष्य गेलं, अंगाला स्वेटर म्हणून लागला नाही. पहिल्या वर्षीच तिने मुलुंडच्या मार्केटमधून एक मरून स्वेटर आणून ठेवला. दर जानेवारीत चिठ्ठी दुसरीच्याच नावाची निघायची आणि स्वेटर डांबराच्या गोळ्यांत परत जायचा.

गेल्या वर्षी वाटीत दोनच चिठ्ठ्या उरल्या होत्या, तिची आणि माझी. तिची निघाली. ती नुसती हसत सुटली. मेमधल्या त्या आठवड्यासाठी तिने गावाहून दिराला, गुणाजीला, बोलावलं. यजमानांकडे तो बघणार होता.

एप्रिलमध्ये मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "रत्ना, हा आठवडा मला देशील? पुढचा माझा तू घे. अबोलीचं आणि जावयाचं फार बिनसलंय. दोघं आठवडाभर एकत्र राहिली तर संसार सावरेल."

रत्ना भाजी चिरत होती. क्षणभर सुरी थांबली. मग म्हणाली, "घे गो बाय. पोरीच्या संसारापरीस मोठा काय? मी फुडल्या वर्साक जायन." मग वाटीतली माझी चिठ्ठी काढून तिची परत आत टाकली.

अबोली माझी मुलगी. तिचं काहीही बिनसलं नव्हतं. तिची जाऊ बालीला जाऊन आली होती आणि फोटो टाकून टाकून जीव नकोसा केला होता. माझ्या लेकीनेही कुठेतरी जायला हवं, एवढंच मला वाटत होतं. अबोली आणि जावई तिसऱ्या दिवशी परत आले. तिथे नेटवर्क नव्हतं म्हणे.

सप्टेंबरमध्ये रत्ना गॅससमोर उभी असताना कोसळली. पेज उतू गेल्याचा वास आला म्हणून मीच दार उघडलं. गुणाजी आला आणि चंद्रप्रकाशांना गावी घेऊन गेला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवरा असता तर त्यालाही सांगितलं नसतं.

३

मेच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी सव्वादोनला माझ्या मोबाइलवर मेसेज आला. आपल्या पाहुण्या रत्नप्रभा परब यांनी चेक-इन केलं आहे. मुक्काम सुखाचा होवो. खाली पत्ता होता. सिटी युनिट, मरोळ, अंधेरी पूर्व, खोली सहाशे चार.

आधी मला पत्त्याचाच धक्का बसला. शर्मिष्ठाला फोन केला. ती म्हणाली, "अगं, ठिकाण कोरं ठेवलं ना आपण. मेमध्ये डोंगरावरचं सगळं फुल्ल. जे उरलं ते त्यांनी आपलं आपण टाकून दिलं. बाहेरगावचे मेंबर मुंबई बघायला येतात ना, त्यांच्यासाठी आहे ते अंधेरीचं."

मी हसले, आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की शर्मिष्ठा घाबरली. आयुष्यभर वाट बघून बिचारीला मेल्यावर काय मिळालं, तर अंधेरी. तीही माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दामुळे.

चेक-इनचं काही वाटलं नाही. ही मशीनं ठरल्या वेळी आपोआप मेसेज सोडतात, कुणी आलंय की नाही ते बघत नाहीत.

रविवारी सकाळी अकराला फोन आला. "हॅलो, जयंती मॅडम का? मी प्रांजल बोलतेय, फ्रंट डेस्क. मॅडम, तुमच्या गेस्ट ना, एसी अजून थंड करा म्हणतायत. सोळावर आहे ऑलरेडी. त्याच्या खाली जातच नाही तो. जरा तुम्ही समजावाल का त्यांना?"

माझ्या हातात गवारीची शेंग होती. ती मी मोडली, शिरा काढली, पातेल्यात टाकली. मग म्हटलं, "कोण गेस्ट?"

"सहाशे चारच्या. परब मॅडम."

"तुम्ही बघितलंत त्यांना?"

"नाही, काल माझा ऑफ होता. इंटरकॉमवर बोलले फक्त. खूप गोड आहेत. मला गो बाय म्हणतात."

४

मी स्वतःला म्हटलं, जयंती, डबीत पाणी शिरलंय. रिकाम्या खोलीत कुणीतरी घुसलंय. हॉटेलातल्याच कुणाच्या तरी नात्यातली बाई, गावाकडची, फुकट राहतेय. मालवणी बोलणाऱ्या बायका मुंबईत काय कमी आहेत? भिशीतल्या पाचही जणींना विचारून झालं. कुणी कुणाला पाठवलेलं नव्हतं. शर्मिष्ठा तर चिडलीच. "तुला काय वाटतं, मी तिच्या नावावर मजा मारेन?" त्या नावावर मजा कुणी मारली होती, ते मला ठाऊक होतं.

सोमवारी प्रांजलचा परत फोन. गेस्टना विळी हवी होती, नारळ खवायला. खोलीतल्या छोट्या ओट्यावर ती नव्हती. शिवाय त्या साफसफाईवाल्यांना आत घेत नव्हत्या. आतूनच म्हणायच्या, "नको गो, हे जागे होतले."

"हे म्हणजे कोण?" प्रांजलने मला विचारलं. "बुकिंग तर एकाच गेस्टचं आहे. दोघं असतील तर एंट्री करावी लागेल ना मॅडम."

मी म्हटलं, "मला खोलीत जोडून द्या."

वाजलं दोनदा. उचललं कुणीतरी. मी हॅलो म्हटलं नाही. माणूस बोलत नसलं तरी लाइनवर आहे की नाही हे मला कळतं, तीस वर्षांत तेवढं तरी शिकले. एसीची घरघर होती. त्याच्या मागे स्टीलच्या वाटीवर चमचा घासल्याचा आवाज. वाटीच्या कडेला चमचा पुसायचा आणि मग फुंकर घालायची, दोनदा. नंतर थोडी शांतता, आणि मग कुणीतरी गिळलं. कष्टाने, घशातून आवाज काढत. उजवी बाजू गेलेला माणूस गिळतो तसं.

तो आवाज मी समोरच्या दारातून आठ वर्षं ऐकला होता. कधीकधी तो नको वाटून मी आमचं दार लावून घ्यायची.

"रत्ना?" मी म्हटलं.

चमचा थांबला. फोन ठेवला गेला, अगदी हळू.

५

मला वाटलं, चंद्रप्रकाश गेले. गावीच वारले असणार आणि मला कुणी कळवलं नाही. दोघं असतील तिथे. हा विचार माझ्यासारख्या बाईच्या डोक्यात आलाच कसा, याची मला लाज वाटली, तरी मी मंगळवारी गुणाजीला फोन केला.

"दादा आसा," गुणाजी म्हणाला. "जिवंत आसा ताई. पण शनवारपासून काय खाणा नाय."

"म्हणजे? काहीच नाही?"

"पेज भरवूक गेलंय तर तोंड फिरयता. डाक्टर हाडलो, तो म्हणता पोट भरलेला आसा." गुणाजीचा आवाज खाली आला. "ताई, सांगतंय ता कोणाक सांगू नको. सकाळी, दुपारी बाराक, आणि सांजच्या सातांक दादा आपणच तोंड उघडता. कोण भरयता तसो. चावता, गिळता. तोंडार काय नसता तरी ओठ पुसल्यासारखे सुके जातत. मगे झोपता, सुखान झोपता."

मी खुर्चीवर बसले. त्याला विचारलं, "रत्ना गेल्याचं त्यांना सांगितलंत का कधी?"

"नाय. वहिनी मुंबयक आसा म्हणान सांगितला. त्येका सोसवला नसता."

मी रात्रभर एकच गोष्ट मनात घोळवत पडले होते. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त दुखत होतं. तिला सुट्टी मिळाली. सात दिवस, स्वतःच्या नावाच्या खोलीत. आणि या बाईने तिथे काय केलं, तर पहिल्या दिवसापासून पेज रांधायला घेतली. तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. गेल्या वर्षी तिला जाऊ दिलं असतं, तर आठ दिवसांत ती कदाचित शिकली असती.

६

बुधवारी सकाळी दहाला मी रिक्षा केली. पवईवरून मरोळ, ऊन असं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येत नव्हता. इमारत चांगली होती, काचेची. खालच्या हॉलमध्ये एक गुजराती कुटुंब जुहूला जाण्यासाठी गाडीची वाट बघत बसलं होतं. मुलांच्या डोक्यावर नव्या टोप्या होत्या. डेस्कवर तेवीस-चोवीसची एक मुलगी, छातीवर नाव, प्रांजल.

"बरं झालं आलात मॅडम," ती म्हणाली. "मी मॅनेजरना अजून काही बोलले नाहीये. त्या म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत, म्हटलं उगाच कशाला. पण काल बाहेरून बघितलं ना, तर बाल्कनीच्या दोरीवर काहीतरी वाळत घातलंय. बेडशीट फाडलीय त्यांनी, मॅडम. चौकोन चौकोन केलेत."

"मी भरून देईन."

"तसं नाही हो. पण कशासाठी?"

मी खोलीची किल्ली मागितली. संपर्क म्हणून माझंच नाव होतं, तिने दुसरं कार्ड दिलं. लिफ्टपर्यंत आली आणि तिथे थांबली. "मी येऊ का वर?" तिने विचारलं, पण आवाजावरून कळत होतं की तिला यायचं नाहीये. मी नको म्हटलं.

सहाव्या मजल्यावरच्या लांब बोळात गालिचा होता, पायांचा आवाज होत नव्हता. सहाशे चारच्या दाराखालून थंड हवा येत होती. माझ्या घोट्यांना ती लागली आणि अंगावर काटा आला. दाराबाहेर चपला नव्हत्या. रत्ना घरात अनवाणीच असायची. मी दाराच्या फटीशी वाकले. आतून तांदळाच्या पेजेचा वास येत होता, त्यात खवलेला नारळ. विळी कुठून मिळाली असेल, हा विचार मनात आला. नको त्या वेळी माणसाला असलंच काहीतरी सुचतं.

बारा वाजत होते. मी कार्ड लावलं.

७

खोली एकच होती, मोठी. पडदे अर्धवट ओढलेले, बाल्कनीच्या काचेतून पलीकडे आरेची झाडं दिसत होती, उन्हात पांढुरकी झालेली. आत मात्र श्वासाची वाफ दिसेल इतका गारठा. बाल्कनीच्या दोरीवर पांढरी फडकी ओळीने होती. एकाची कड दुसऱ्यावर, दोघांना मिळून एक चिमटा. अशी वाळत घालायची पद्धत मी एकाच घरात बघितली आहे.

पलंगाच्या कडेला कुणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. मरून स्वेटर. पाठीवर पांढरी बारीक वेणी, टोकाला काळा रबर.

मी दारातच उभी राहिले.

पलंगावर उशा एकावर एक रचल्या होत्या, आजारी माणसाला टेकवून बसवतात तशा. उशांमध्ये खळगा होता. खळग्याखाली टॉवेल पसरलेला होता, गळ्याशी खोचतात तसा, आणि त्या टॉवेलच्या वर काही नव्हतं. उशीचा अभ्रा होता आणि त्यावरच्या सुरकुत्या होत्या. पण टॉवेल वर यायचा आणि खाली जायचा. हळू, एका लयीत.

तिने वाटीच्या कडेला चमचा पुसला. फुंकर घातली, दोनदा. चमचा भरलेला गेला आणि रिकामा परत आला. कुणीतरी गिळलं.

मी पळून जायला हवं होतं. पण मी त्या पाठीकडे बघत राहिले. स्वेटरच्या घड्या नऊ वर्षांच्या होत्या, अजून मोडल्या नव्हत्या. मी बोलायला लागले, म्हणजे तोंडातून आपोआप बाहेरच यायला लागलं.

"रत्ना, अबोलीचं काही बिनसलं नव्हतं गं. मी खोटं बोलले तुझ्याशी. तिच्या जावेने बालीचे फोटो टाकले होते, तेवढ्यासाठी मी तुझा आठवडा घेतला. आणि ती तीन दिवसांत परत आली. चार दिवस तो बंगला रिकामा होता, रत्ना. तू तेव्हा मुलुंडला फडकी धूत होतीस."

चमचा थांबला.

"तू मला काहीही म्हण. पण मी सारखी मनाशी म्हणते, पुढच्या वर्षी जायन म्हणालीस आणि..."

ती वळली नाही. मग तिने डावा हात मागे केला. हातात वाटी होती, चमचा तिच्यात टेकवलेला. वाटीतून वाफ येत होती.

"बसशील गो जरा?" ती म्हणाली. तोच आवाज, थोडा बसलेला. "आत्ता इलंय मी."

आठ वर्षांत मी किती वेळा नाही म्हटलं होतं, ते मोजलेलं नाही. मी पुढे गेले आणि वाटी घेतली. तिच्या बोटांना माझी बोटं लागली नाहीत, मी तशी काळजी घेतली. ती उठली. गादी जराही हलली नाही. ती माझ्या शेजारून दाराकडे गेली तेव्हा मी वाटीत बघत होते. तिचं तोंड बघायचा धीर मला झाला नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि गेला. दार लागल्याचा आवाज झाला.

८

मी पलंगाच्या कडेला बसले. जागा गार होती.

खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. मेमधल्या भर दुपारी एक मरून ठिपका रस्ता ओलांडत होता. एकदा थांबला, मागे वळल्यासारखा झाला. माझ्या मनात आलं, ही परत येणार, पेज गार होईल म्हणून परत येणार. मी काचेवर हात ठेवला आणि ओरडले, "जा गं! जा तू!" सहाव्या मजल्यावरून, बंद काचेतून. ठिपका पुन्हा चालायला लागला, झाडांच्या दिशेने. पलीकडच्या कडेला उन्हात तो मला दिसेनासा झाला. मी खूप वेळ रडले. आनंद म्हणावा असं त्यात काही नव्हतं, पण छातीवरून काहीतरी उतरलं होतं.

मग माझ्यामागे घशातून आवाज आला.

टॉवेलचं वरचं टोक हललं होतं. उशीतला खळगा माझ्या बाजूला कलला होता. मी चमचा भरला, कडेला पुसला, फुंकर घातली. चमचा त्या जागी नेला आणि धरला. काही झालं नाही. थोडं थांबून चमच्याला पलीकडून ओढ लागली, ओठांची. ती सुटली तेव्हा चमचा रिकामा होता. गिळल्याचा आवाज आला नाही. ते तोंडात धरून ठेवलं होतं. दुसऱ्याचा हात ओळखला होता.

पर्समध्ये फोन वाजला. गुणाजी होता. रडत होता की हसत होता, ते पहिल्यांदा कळलं नाही.

"ताई! दादा बोललो! आठ वर्सांनी बोललो गो! ऐकतंस? माका इचारता, रत्ना खंय गेली?" त्याला धाप लागली होती. "पेज तोंडात धरून बसल्यासारखो गाल फुगयलो हा आणि परत परत ताच इचारता. रत्ना खंय गेली, रत्ना खंय गेली. मी काय सांगू त्येका?"

मी दाराकडे बघितलं. ते बंद होतं. बाहेर बोळात पायांचा आवाज होत नाही, हे मला ठाऊक होतं. अंधेरीतली दुपार पांढरीफटक होती आणि रस्त्यावर एकही माणूस नव्हता. तिचा आठवडा शनिवारी दहाला संपत होता. शनिवारी ती येईल असं कुणी सांगितलं होतं? मी तरी तिच्या जागी आले असते का?

"ताई?"

"त्यांना सांग," मी म्हटलं, "ती फिरायला गेलीय."

"फिराक?" गुणाजीने विचारलं. रत्नाच्या बाबतीत हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला. मग तो हळूच म्हणाला, "कधी येतली म्हणान सांगू?"

पलंगावरून कुणीतरी गिळलं, एकदाचं. टॉवेल वर आला आणि तसाच थांबून राहिला, उत्तर ऐकायला थांबावं तसा.

"वेळ लागेल म्हणावं," मी म्हटलं. "तोवर मी आहे."

फोन उशीपाशी ठेवला आणि पुढचा घास भरायला घेतला.